सिपाही आर.

विठ्ठलवाडी, कल्याण (पूर्व)
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

विनिताताई,

जय भीम.

तुझा नंबर मी ब्लॉक केला आहे. चुकून नाही, मुद्दाम. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकतो, आणि मला काय म्हणायचं होतं ते फोन ठेवल्यावर आठवतं. कागदावर तसं होत नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने, तुझ्या दिल्लीच्या कॉलेजच्या पत्त्यावर. घरचा नवा पत्ता आमच्याकडे नाही. तू घर बदललंस हेसुद्धा आम्हाला तुझ्या पुस्तकाच्या मागच्या पानावरून कळलं.

गेल्या रविवारी सकाळी तानाजीकाका दिव्याहून आले. हातात पेपरची पुरवणी, तुझ्या पुस्तकावरचा लेख उघडलेला. पप्पा चहा पीत होते. काकांनी चपलासुद्धा नीट काढल्या नाहीत.

"रामा, हा तूच ना?"

"काय आहे?"

"चष्मा लाव आणि वाच. 'सिपाही आर., वय साठ, कल्याणजवळ राहतात, लष्करातून निवृत्त झाल्यावर एका केमिकल कंपनीच्या गेटवर नोकरी.' अरे, आपल्या पलटणीतून श्रीलंकेला गेलेले कल्याणचे आर किती होते? मोजून एक!"

आई म्हणाली, "भावजी, आधी बसा तरी."

"बसायला नाही आलेलो वहिनी. अडतीस वर्षं आम्ही तोंड शिवून ठेवलं. तुमच्या लेकीने एका रविवारात उसवलं."

पप्पांनी पुरवणी वाचली. किती वाचली मला माहीत नाही, कारण त्यांचं बोट तिसऱ्या ओळीवरच थांबलं होतं. मग त्यांनी ती जशी होती तशी घडी करून काकांना परत दिली आणि म्हणाले, "चहा घे." त्यानंतर आजपर्यंत त्यांनी आमच्याशी धड दहा वाक्यं बोललेली नाहीत. सकाळी चौकात माजी सैनिकांचा कट्टा बसतो, तिथे जात नाहीत. विहारात जात नाहीत. एक वेळ जेवतात. आई विचारते तेव्हा "भूक नाही" एवढंच.

तुझ्या इंग्रजी पुस्तकाची सगळी परीक्षणं मी वाचली आहेत, शब्दकोश शेजारी ठेवून. श्रीलंकेच्या यादवी युद्धाकडे पाहण्याची नवी दृष्टी, असं तिघांनी लिहिलं आहे. आधीच्या इतिहासकारांनी करार वाचले, सेनापतींच्या आठवणी वाचल्या, कोलंबो आणि दिल्लीमधला पत्रव्यवहार वाचला. तू म्हणालीस, मी ट्रंका उघडणार. ८७ साली शांतिसेना म्हणून ज्या पोरांना तिकडे पाठवलं त्यांच्या बायकांनी जपलेली पत्रं, रजेचे अर्ज, औषधाच्या चिठ्ठ्या. 'युद्ध ठरवणाऱ्यांच्या कागदांतून नव्हे, पाठवलेल्यांच्या घरांतून हा इतिहास पाहायचा आहे.' तुझ्या प्रस्तावनेतलं वाक्य आहे. चांगलं आहे. पण त्या घरांपैकी एक घर आपलं होतं, ताई, आणि तू त्याचं दार उघडं टाकून निघून गेलीस.

पाचव्या प्रकरणात तू काय लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहितो, म्हणजे ते दुसऱ्याच्या अक्षरात कसं दिसतं ते तुला कळेल. बावीस वर्षांचा एक सिपाही रस्त्यावरच्या चौकीवर उभा आहे. सायकलवरून एक स्थानिक पुरुष येतो, मागे पत्र्याची पेटी. त्याला थांबायला सांगतात. तो थांबत नाही. हुकूम असतो. सिपाही गोळी झाडतो. पेटीत पाव निघतात. आणि मग तुझं ते वाक्य, जे पेपरवाल्यांनी चौकटीत मोठ्या अक्षरात छापलं: 'बंदूक त्याच्या हातात होती, पण बोट त्याचं नव्हतं.'

हे वाक्य आता आमच्या गल्लीतल्या दूधवाल्यालाही पाठ आहे.

मराठी आवृत्तीची अक्षरजुळणी आमच्या दुकानात चालू आहे हे तुला माहीत आहे, कारण ते काम तूच ठाण्याच्या प्रकाशकांना सांगून मिळवून दिलंस. मला वाटलं भावासाठी केलंस. फाईल १५ डिसेंबरला छापायला जायची आहे. त्याआधी पाचवं प्रकरण काढ. नाव बदलू नकोस, गाव बदलू नकोस. प्रकरणच काढ.

सुमित

*

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

विनिताताई,

तुझं ईमेल दुकानाच्या पत्त्यावर आलं. आमचे मालक मितेशभाई यांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली होती, "सुमित, तेरी दीदी तो वकील जैसा लिखती है." मी मॉनिटर बंद केला.

तू लिहितेस, संमतिपत्रावर पप्पांची सही आहे, नोव्हेंबर २०२३ ची, आणि त्याची प्रत तू जोडली आहेस. मला प्रत पाठवण्याची गरज नव्हती. ते संमतिपत्र मीच टाईप केलं होतं.

आता सही कशी झाली ते ऐक. दर नोव्हेंबरात पप्पांचा हयातीचा दाखला बँकेत द्यावा लागतो, की पेन्शन घेणारा माणूस जिवंत आहे. त्याच्याबरोबर केवायसी असतं, वारसाचा फॉर्म असतो, कधी पॅनची झेरॉक्स असते. सगळे कागद मी भरतो. सहीच्या जागी पेन्सिलने फुली करतो आणि गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवतो. ते फुली बघतात, सही करतात, पान उलटतात. मी बारावीत असल्यापासून असंच चालू आहे. त्या वर्षी गठ्ठ्यात चार कागद होते, आणि चौथा तुझा होता. फुली त्याच्यावरही होती.

मी त्यांना सांगितलं नाही. तू फोनवर म्हणाली होतीस, "सुमित, त्यांना समजावत बसू नकोस, ते घाबरतील, फक्त सही घे." हे तू म्हणाली होतीस. मला तारीखही आठवते. पण गठ्ठा मी लावला होता, हेही मी लिहितो, कारण तू नाहीतरी ते लिहिशीलच.

तुझ्या ईमेलमध्ये आणखी एक वाक्य आहे: 'मी पप्पांना गुन्हेगार ठरवलेलं नाही, उलट त्यांना समजून घेतलं आहे.' दोनशे पानांच्या पुस्तकात तू एकदाही त्यांच्यासमोर बसली नाहीस. प्रश्न तू दिल्लीहून पाठवलेस. "मुलीसमोर ते बोलणार नाहीत, तू विचार, तुझ्या मोबाइलवर रेकॉर्ड कर, आणि टाईप करून पाठव." २०२२ च्या दिवाळीत नऊ दिवस मी त्यांच्यासमोर बसलो. एकशे सोळा पानं टाईप केली. तू लिहिलंस, 'तुझ्या टायपिंगमध्ये एक वेलांटी चुकत नाही, मला पुन्हा तपासावंच लागत नाही.' तेव्हा मला ते बक्षीस वाटलं होतं. बारावीनंतर मी कॉलेज सोडलं ते तुझ्या एम.ए.साठी, हे आपल्या घरात कोणी बोलत नाही, मीही बोलणार नाही. पण त्या एकशे सोळा पानांमुळे मला वाटलं होतं की पुस्तकात थोडा मीही आहे. ऋणनिर्देशात माझं नाव बाविसावं आहे, एका ग्रंथालयाच्या शिपायानंतर.

यंदाचा दाखला पप्पांनी अजून दिलेला नाही. गठ्ठा टेबलावर आहे. काल मी आठवण केली, तर म्हणाले, "जिवंत आहे असं कशाला सांगायचं?" आई स्वयंपाकघरात होती, तिने ऐकलं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

प्रकरण काढ.

सुमित

*

रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

विनिताताई,

तू लिहिलंस की अनुवादकाला काही वाक्यांबद्दल शंका आहे, पप्पांचे मूळ मराठी शब्द हवे आहेत, म्हणून मी रेकॉर्डिंग पाठवावं. रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. तो मोबाइल बिघडला. अनुवादकाला माझी टाईप केलेली पानं दे. त्यांत शब्दन् शब्द आहे.

तीन वर्षांत तू रेकॉर्डिंग एकदाही मागितलं नाहीस, आणि आता अनुवादकासाठी मागतेस. स्वतःसाठी नाही.

तू असंही लिहिलंस की पाचवं प्रकरण काढलं तर पुस्तकाचा कणाच जातो, कारण तुझा सगळा मुद्दा तिथे उभा आहे. म्हणजे कसं, तेही समजावलंस. या युद्धाचा इतिहास दोनच प्रकारे सांगितला गेला, एक मारणारे आणि एक मरणारे. तू तिसरी जागा दाखवलीस: ज्याच्याकडून मारवून घेतलं तो. गरीब घरचा, दुसऱ्याच्या देशातल्या भावाभावांच्या भांडणात ढकललेला, हुकमाचा बांधलेला, आणि म्हणून तोही त्या युद्धाचा बळीच. मी दोनदा वाचलं. मला समजलं. मी काही अडाणी नाही.

पण हे सगळं तू सेमिनारमध्ये सांग. इथे तानाजीकाका दर दोन दिवसांनी फोन करतात आणि आईला सांगतात की लेकीला म्हणावं माफी माग. कट्ट्यावरच्या एकाने मला विचारलं, "काय रे, तुझ्या बापाने पाववाल्याला उडवलेला ना? सरकारी पैशाने?" आणि हसला. घरी येऊन जे बोलायला हवं होतं ते कागदावर लिहिलं आणि फाडलं.

४ जानेवारीला डोंबिवलीच्या ग्रंथालयात प्रकाशन आहे आणि त्यात पप्पांचा सत्कार करायचा, शाल द्यायची, हे तू ठरवलंस? त्यांना विचारलंस? गठ्ठ्यात घालून तीही सही घेऊ का?

पंधरा दिवस उरले आहेत.

सुमित

*

रविवार, ७ डिसेंबर २०२५

ताई,

हे पत्र एकटी असताना वाच. मी ते तीन वेळा लिहिलं आहे. आधीच्या दोन्हींत मी खोटं लिहीत होतो.

काल सहा डिसेंबर. दर वर्षी आपण सगळे चैत्यभूमीला जातो. पप्पा कधी चुकले नाहीत, पायाला प्लास्टर होतं तेव्हाही गेले. काल ते म्हणाले, "तुम्ही जा." आई विहारातल्या बायकांबरोबर गेली. मी त्यांना एकटं ठेवायला घाबरलो म्हणून राहिलो.

दुपारी बारा वाजता ते म्हणाले, "तिच्या पुस्तकाची पानं काढ. ती पुरवणी नको. सगळी पानं."

मी दुकानातून आणलेलं प्रूफ दिलं. पाचवं प्रकरण, पान १३५ ते १५४. ते खिडकीत बसले. ओळीखाली बोट धरून वाचतात ना ते, तसं. दीड तास लागला. मी समोर बसून उगाच आईच्या औषधांच्या पट्ट्या लावत होतो. पान १४३ वर बोट थांबलं.

"हे कोणी लिहिलं?"

"ताईने."

"तिचं नाही विचारत. हे. माझ्या तोंडी घातलंय ते. 'हुकूम होता, थांबला नाही तर गोळी.' हे मी बोललो?"

मी म्हणालो, "हो."

"मोबाइल काढ."

"तो मोबाइल बिघडला, पप्पा."

त्यांनी चष्मा काढला. "सुमित, तू पाचवीतली चित्रकलेची वही अजून टाकली नाहीस. रेकॉर्डिंग टाकशील?"

कपाटातून पेन ड्राइव्ह काढला. हो, ताई, तो होता. कायम होता. लॅपटॉपला लावला. आठवा दिवस, चाळिसावं मिनिट. आधी माझा आवाज आला. मी तुझा प्रश्न वाचत होतो, शाळेत धडा वाचतात तसा: "त्या वेळी तुम्हाला गोळी झाडण्याचा हुकूम होता का?" मग पंख्याचा आवाज. मग पप्पा.

ते काय म्हणाले ते मी आता जसंच्या तसं लिहितो, पहिल्यांदाच.

"नव्हता. हुकूम असा होता की आधी शिट्टी मारायची, मग हवेत बार. मी शिट्टी नाही मारली. मला दिसत होतं कोण आहे ते. कंदय्या होता. रोज यायचा. आम्ही त्याच्याकडूनच पाव घ्यायचो. मला तंबी म्हणायचा, तंबी म्हणजे लहान भाऊ त्यांच्यात. दोन दिवस आधी आमचा एक पोरगा सुरुंगात गेलेला, त्याचे पाय मी गोळा केलेले. आणि हा आला, लांबूनच हात वर केला आणि हसला. रोज हसायचा तसाच. मला त्या हसण्याचा राग आला. वाटलं, याला माहीत असणार सुरुंग कुणी लावला ते, आणि हसतोय. बस. तेवढंच. तो थांबत होता, ब्रेक दाबलेला त्याने. नंतर साहेबांनी विचारलं तर मी आणि तानाजीने सांगितलं, थांबला नाही."

त्यानंतर रेकॉर्डिंगमध्ये मी म्हणतो, "पाणी आणू का, पप्पा?" आणि बंद करतो.

आपल्या घरात पाव कधी आला नाही. पप्पा म्हणायचे, ॲसिडिटी होते.

मी काय केलं ते आता ऐक. 'नव्हता' च्या जागी 'होता' टाईप केलं. शिट्टी काढली. नाव काढलं, हसणं काढलं, ब्रेक काढला. 'थांबला नाही' ठेवलं. एकशे सोळा पानांत फक्त तेवढ्याच सहा ओळी बदलल्या, बाकी अक्षरन् अक्षर खरं आहे. तू वाचशील, मग जग वाचेल, मग पोलीस येतील, पेन्शन बंद होईल, असं मला वाटलं. हे मी स्वतःला तीन वर्षं सांगत आलो आहे. खरं त्याहून साधं आहे. मला असे पप्पा नको होते, म्हणून मी दुसरे टाईप केले.

आणि तरीही मला तुझा राग आहे. कमी झालेला नाही, वाढला आहे. मी पेपर चुकीचा लिहिला, पण तपासायचं काम तुझं होतं. तू डॉक्टरेट आहेस. तुला दहा गावांतले लोक येऊन भेटतात, तू त्यांच्या मावशीच्या ट्रंकेतल्या चिठ्ठीवरची तारीख खरी की खोटी यावर दोन पानं लिहितेस, आणि आपल्या बापाचा आवाज एकदा ऐकावासा वाटला नाही तुला? तुला तो हुकूम हवाच होता. हुकूम मिळाला की तुझी तिसरी जागा तयार होत होती. मी सहा ओळी खोट्या लिहिल्या, तू त्यांवर बारा पानं बांधलीस, आणि लोकांनी त्याला नवी दृष्टी म्हटलं.

रेकॉर्डिंग संपलं. मला वाटलं मारतील. लहानपणी कधी मारलं नाही, पण वाटलं. ते म्हणाले, "म्हणजे तूही तानाजीसारखी साक्ष देऊन आलास."

मी रडलो. ते लिहायची गरज नाही, पण लिहिलं.

मग मी त्यांना विचारलं, महिनाभर जे विचारायचं धाडस नव्हतं ते. "पप्पा, लोकांना कळलं म्हणून तुम्ही गप्प झालात ना?"

"लोकांना कळायचंच होतं. म्हणून तर तुला नऊ दिवस सांगत बसलो. मला वाटलं पोरगी इतिहास लिहिते, लिहील."

"मग?"

त्यांनी प्रूफवर बोट ठेवलं, तुझ्या त्या वाक्यावर. "हे वाच."

मी वाचलं. बंदूक त्याच्या हातात होती, पण बोट त्याचं नव्हतं.

"बोट माझंच होतं," ते म्हणाले. "हे बघ, हेच. पुरवणीत तानाजीला माझं नाव दिसलं, मला हे दिसलं. तिने मला माफ केलं. तिला कोणी सांगितलं माफ करायला? ती कंदय्याची कोण लागते?"

मी म्हणालो, "तिने तुमच्या बाजूने बघितलं, पप्पा. आधी कोणी सैनिकांच्या घरातून बघितलं नव्हतं."

"बघितलं ना. माझ्या घरातून बघितलं. त्याचं पण घर होतं. पेटीवर त्याच्या पोरीने रंगाने मासे काढलेले, वेडेवाकडे. मी रोज बघायचो. माझं नाव लपवायचं होतं तरी तिने आर ठेवला. त्याला काय ठेवलं? 'एक स्थानिक पुरुष.' रेशनकार्डावर तरी नाव असतं."

मी घाबरून विचारलं, "पण पोलीस, पेन्शन..."

"येऊ दे," ते म्हणाले. "पोलीस आले तर कुणीतरी विचारायला आलं असं होईल."

मग ते जेवले. दोन वेळा भात घेतला. संध्याकाळी आई आली तेव्हा त्यांनी तिला बसवलं आणि स्वतः सगळं सांगितलं. आई एवढंच म्हणाली, "तिशी उलटली लग्नाला. आत्ता सांगताय?" आणि रात्री त्यांच्याशी बोलली नाही. आज सकाळी तिने चहा दिला, पण कप आपटला. मला वाटतं हे बरं चिन्ह आहे.

पेन ड्राइव्ह सोबत पाठवतो आहे. चाळिसावं मिनिट. हेडफोन लावून ऐक, पंख्याचा आवाज फार आहे.

मी प्रकरण काढ म्हणत होतो. आता म्हणत नाही.

सुमित

*

रविवार, १४ डिसेंबर २०२५

ताई,

तुझं एका ओळीचं ईमेल मिळालं. 'ऐकलं. मला वेळ दे.' वेळ मला नाही, छापखान्याला द्यायचा आहे. मितेशभाईंनी खूप कटकट करून गुरुवारपर्यंत मुदत वाढवून घेतली. "तेरे खानदान में सब लेखक हैं क्या?" असं विचारलं त्यांनी.

काल तानाजीकाका आले होते. पप्पांनीच बोलावलं. काकांना वाटलं प्रकरण काढलं गेलं, म्हणून पेढे घेऊन आले. पप्पांनी त्यांना सांगितलं की प्रकरण राहणार आणि खरं लिहिलं जाणार.

"रामा, तुला वेड लागलंय. मेलेला माणूस मेला. अडतीस वर्षं झाली. माझी नात सैन्यभरतीची तयारी करतेय, तिला काय सांगू?"

"तुझं नाव नाही घेत. 'माझ्या सोबत्याने' असं पण नाही लिहीत. फक्त माझं."

"आणि कोणी विचारलं, तिथे अजून कोण होतं, तर?"

"तर तू ठरव."

काका उठले. दारात थांबून म्हणाले, "तू आधीपासून असाच हट्टी. तेव्हा पण शिट्टी मार म्हणालो होतो मी." आणि गेले. पेढे राहिले. ते खायचे की नाही हे आम्हाला ठरवता येईना, तसेच आहेत.

ही गोष्ट पप्पांनी रेकॉर्डिंगमध्ये सांगितली नव्हती, की काकांनी शिट्टी मार म्हटलं होतं. मी विचारलं. ते म्हणाले, "ते त्याचं आहे. त्याला वाटलं तर तो सांगेल." तू इतिहासकार आहेस, ही ओळ तुला कळली, पण ती तुझी नाही. मला हे लिहावं की नाही असा प्रश्न पडला होता. काढून टाकलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं. म्हणून लिहिलं, आणि वापरू नकोस असंही लिहितो.

आज सकाळी पप्पांनी मला निवेदन सांगितलं आणि मी टाईप केलं. त्यांनी ते तीन वेळा वाचलं. पेन्सिलची फुली मी केली नव्हती, सहीची जागा त्यांनी स्वतः शोधली. हयातीचा दाखलाही त्याच बैठकीत वाचून, "हा कसला कॉलम?" असं विचारत विचारत भरला. उद्या बँकेत देतो.

निवेदन मी पान १४३ वर घातलं आहे, माझ्या सहा खोट्या ओळी काढून. त्यानंतरच्या तुझ्या पानांना मी हात लावलेला नाही, आणि लावणारही नाही. पण वरच्या ओळी वाचल्या की खालची अकरा पानं उभी राहत नाहीत, हे तुला पहिल्याच वाचनात दिसेल. ती पाड. नवी लिही. मग लोक त्याला कसली दृष्टी म्हणतात ते म्हणू देत. प्रस्तावनेत हेही लिही की मूळ शब्द तुझ्या भावाने बदलले होते आणि तू तपासले नव्हतेस. माझं नाव पूर्ण लिही. बाविसाव्या जागी नको.

प्रकाशनाला पप्पा येणार आहेत. शाल घेणार नाहीत. तुला चारचौघांत प्रश्न विचारणार आहेत, तेव्हा तयारीने ये. मी नंबर अजून उघडलेला नाही. गुरुवारपर्यंत फाईल पाठव, मग बघू.

निवेदन खाली देतो. यातलं एक अक्षरही माझं नाही.

सुमित

_पान १४३_

_माझं नाव रामा गोविंद कांबळे. या पुस्तकात ज्याला सिपाही आर. म्हटलं आहे तो मी. १९८७ साली श्रीलंकेत मी ज्या माणसाला गोळी मारली त्याचं नाव कंदय्या होतं. तो पाव विकायचा. मी त्याला ओळखत होतो. तो थांबत होता. मला कोणी हुकूम दिला नव्हता. मला राग आला होता. नंतर विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं. मी गरीब होतो, लहान होतो, घाबरलेलो होतो, हे सगळं खरं आहे, पण कंदय्याही गरीब होता आणि त्याने कोणाला मारलं नाही. त्याला एक मुलगी होती. आज ती पन्नाशीला आली असेल. त्या घरात आणखी कोण होतं, नंतर त्यांचं काय झालं, हे मला माहीत नाही. विनिताने शोधावं._